पिकअप एक, कायदे चार
लायसन्स, परमिट, कर आणि विमा : गाडीच्या वजनाचा हिशेब मालकाने स्वतःच ठेवावा

धाराशिव जिल्ह्यात आज असा मोहल्ला क्वचितच सापडेल, जेथे सकाळी दोन-चार पिकअप उभ्या दिसत नाहीत. परंड्याचा शेळ्यांचा व्यापारी, उमरग्याचा फळविक्रेता, तुळजापूरचा मंडपवाला, कळंबचा भंगारवाला, नळदुर्गात दुकानोदुकानी कोंबड्या पोचविणारा, धाराशिवात लोखंडी कपाटे बनविणारा कारागीर, या सर्वांचा कारोबार आता याच चार चाकांवर चालतो. घर सोडले तर कुटुंबातील सर्वांत महाग वस्तू म्हणजे ही गाडी. तिच्यासाठी कर्ज काढलेले असते, हप्ता चालू असतो आणि घरातील चार-सहा माणसांची रोजी तिच्यावर अवलंबून असते.

परंतु कायद्याच्या दृष्टीने ही गाडी नेमकी कोण आहे, हे विचारले तर बहुतेक जण एजंटाकडे बोट दाखवितात. चहाच्या टपरीवर तीन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, "गाडी तर छोटीच आहे, हिला कशाला परमिट?" दुसरे, "माल माझाच आहे, मी काही भाडे मारीत नाही." तिसरे, "कारचे लायसन्स आहे ना, मग झाले!" यातील पहिले वाक्य अर्धे खरे आहे. दुसरे साफ चुकीचे आहे. आणि तिसऱ्याचा वाद न्यायालयांत वर्षानुवर्षे चालून २०२४ साली कुठे त्याचा शेवट झाला. व्यापारी बांधवांनी ही तिन्ही वाक्ये आज नीट तपासून पाहावीत, म्हणून हा लेख.

आधी आर.सी. बुक उघडा

सर्व प्रश्नांची किल्ली एका आकड्यात आहे. गाडीच्या आर.सी. बुकात दोन वजने लिहिलेली असतात. एक रिकाम्या गाडीचे वजन आणि दुसरे माल, माणसे धरून भरलेल्या गाडीचे कमाल वजन. या दुसऱ्या आकड्याला जी.व्ही.डब्ल्यू. म्हणतात. आपल्याकडे गाडीची 'पासिंग' दीड टन की दोन टन अशी भाषा चालते, पण ती मालाची झाली. कायदा मालाचे वजन पाहून गाडीचा वर्ग ठरवीत नाही, तो भरलेल्या गाडीचे एकूण वजन पाहतो.

गंमत अशी की, कायद्याची प्रत्येक शाखा या आकड्यावर वेगळ्या ठिकाणी रेघ मारते. परमिटची रेघ ३,००० किलोवर आहे. कारखान्यातून गाडी मंजूर होताना ३,५०० किलोपर्यंतची मालगाडी एका वर्गात आणि त्यावरची दुसऱ्या वर्गात जाते. लायसन्सची रेघ ७,५०० किलोवर आहे. १२,००० किलोच्या वर गेली की गाडी अवजड मालवाहू ठरते. त्यामुळे एकच गाडी लायसन्सच्या खिडकीवर 'हलकी' असते, पण परमिटच्या खिडकीवर तिला सूट मिळत नाही. बाजारात मिळणाऱ्या काही पिकअप मुद्दामच ३,००० किलोच्या आत बसविलेल्या असतात, तर त्याच नावाचे मोठे मॉडेल तिच्या पलीकडे जाते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. तेव्हा नावावर किंवा रूपावर जाऊ नये, बुकातील आकडा पाहावा.

कारचे लायसन्स चालते का?

सध्याचा मोटार वाहन कायदा १९८८ चा असून तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यात 'हलके मोटार वाहन' म्हणजे किती वजनाचे, याची मर्यादा आधी ६,००० किलो होती. १४ नोव्हेंबर १९९४ पासून ती ७,५०० किलो झाली. त्याच दुरुस्तीत 'ट्रान्सपोर्ट वाहन' असा लायसन्सचा एक वेगळा वर्ग आला आणि घोळ तेथेच सुरू झाला. पिकअप वजनाने हलकी, पण कामाने ट्रान्सपोर्ट. मग चालकाकडे हलक्या वाहनाचे लायसन्स असले तरी पुरे, की त्यावर ट्रान्सपोर्टचा शिक्का आणि बिल्लाही हवा?

हा प्रश्न कागदावरचा वाटतो, पण अपघात झाल्यावर तो घर बुडवू शकतो. विमा कंपनी म्हणे, चालकाकडे योग्य लायसन्स नव्हते, सबब आम्ही जबाबदार नाही. सर्वोच्च न्यायालयाचे निकालही दोन्ही बाजूंनी झाले. १९९९ साली 'अशोक गंगाधर मराठा' खटल्यात स्वराज माझदा ट्रकचे वजन ५,९२० किलो, म्हणजे हलक्या वाहनाच्या मर्यादेत असल्याने हलक्या वाहनाचे लायसन्स पुरेसे मानले गेले आणि मालकाला दिलासा मिळाला. पुढे २००७ साली 'प्रभू लाल' खटल्यात टाटा ७०९ गाडी हलक्या वाहनाच्या मर्यादेत असूनही ट्रान्सपोर्टचा शिक्का नव्हता म्हणून निकाल मालकाच्या विरोधात गेला. जुलै २०१७ मध्ये 'मुकुंद देवांगन' खटल्यात तीन न्यायाधीशांनी शिक्क्याची गरज नाही असे म्हटले. त्यानुसार केंद्राने एप्रिल २०१८ मध्ये परिपत्रकही काढले. तरी विमा कंपन्यांनी आग्रह सोडला नाही आणि प्रकरण पाच न्यायाधीशांपुढे गेले.

अखेर ६ नोव्हेंबर २०२४ रोजी 'बजाज अलायन्झ विरुद्ध रंभा देवी' या प्रकरणात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने एकमताने निर्णय दिला. हलक्या वाहनाचे लायसन्स असलेल्या चालकाला ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालविण्यास वेगळ्या शिक्क्याची गरज नाही. न्यायमूर्ती हृषिकेश रॉय यांनी हे निकालपत्र लिहिले.

म्हणजे तिसरे वाक्य आता खरे ठरले. मात्र तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, ही सवलत ७,५०० किलोपर्यंतच आहे. त्यापुढच्या गाडीला ट्रान्सपोर्टचे लायसन्स लागतेच, त्यासाठी आधी एक वर्ष हलक्या वाहनाचे लायसन्स हातात असावे लागते आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून ते पाच-पाच वर्षांसाठी मिळते. दोन, ई-रिक्षा, ई-कार्ट आणि धोकादायक मालाच्या गाड्यांचे खास नियम तसेच राहिले आहेत. वेल्डिंगच्या कामासाठी गॅसच्या टाक्या किंवा ॲसिड नियमित नेणाऱ्या बांधवांनी हे विसरू नये. तीन, कायद्याच्या कलम ४ मध्ये ट्रान्सपोर्ट वाहन चालविण्यासाठी वयाची अट वीस वर्षे लिहिलेली आहे. अठरा पूर्ण झालेल्या मुलाच्या हाती लगेच पिकअप देऊन नवा वाद ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

दुसऱ्या देशांतही हीच ओढाताण आहे. युरोपात कारच्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालविता येते. इंग्लंडात १ जानेवारी १९९७ पूर्वी कारची परीक्षा पास झालेल्यांना मात्र साडेसात टनांपर्यंत मुभा आहे, म्हणजे आकडा आपल्यासारखाच. अमेरिकेत धंद्याच्या गाडीचे खास लायसन्स साधारणपणे २६,००१ पौंडांपासून, म्हणजे सुमारे ११,८०० किलोपासून लागते. पण तेथील कॅलिफोर्निया राज्यात साधी पिकअप घेतली तरी तिची नोंदणी व्यापारी वाहन म्हणून होते. गाडी एक आणि रेघा अनेक, हे सगळीकडेच आहे.

माल स्वतःचा, तरी परमिट

आता दुसरे वाक्य. "मी भाडे मारीत नाही, माझ्याच दुकानाचा माल नेतो." कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे मालवाहू गाडीला परमिट लागते, मग माल दुसऱ्याचा असो की आपल्याच धंद्याचा. स्वतःच्या व्यापारासाठी गाडी वापरणे हाही परमिटाखालचाच वापर आहे.

सूट आहे ती वजनाला. भरलेल्या गाडीचे वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नसेल, तर त्या मालगाडीला परमिट लागत नाही. म्हणून छोटा हत्ती आणि लहान पिकअप परमिटविना फिरतात आणि म्हणूनच पहिले वाक्य अर्धे खरे. पण आपली पिकअप ३,००० च्या पलीकडची असेल, तर शेजाऱ्याच्या गाडीकडे पाहून निश्चिंत राहू नये. परमिटविना गाडी चालविल्यास कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. बॅटरीवर चालणाऱ्या मालवाहू गाड्यांना २०१८ पासून परमिटची माफी आहे.

उमरगा तालुक्यातील बांधवांना हा विषय अधिकच जवळचा. तेथून बसवकल्याण, आळंद हे बाजार म्हणजे शेजारचे अंगण, पण मध्ये राज्याची हद्द आहे. एका राज्याचे परमिट दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. त्यासाठी नॅशनल परमिट किंवा त्या राज्याची प्रतिस्वाक्षरी लागते. पुणे-सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरून रोज कर्नाटकात माल नेणाऱ्याने गाडी घेतानाच हा विचार करावा. केवळ तीन-चारशे किलो जास्त माल बसतो म्हणून मोठे मॉडेल घेतले आणि परमिटचे झंझट कायमचे मागे लागले, असे होऊ नये. परमिट लागत नाही म्हणून बाकी कागद लागत नाहीत, असेही नव्हे. फिटनेस, विमा, पी.यू.सी. आणि कर हे प्रत्येक मालगाडीला आहेत. फिटनेस आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करून घ्यावा लागतो.

पांढरी पाटी की पिवळी?

अलीकडे दोन-तीन मोठ्या पिकअप अशा आल्या आहेत, ज्या कारसारख्या खासगी म्हणून नोंदविता येतात. २०१६ साली आलेली इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ साली आलेली टोयोटाची हायलक्स ही त्यांची उदाहरणे. चार दारे, पाच माणसांची बैठक आणि मागे हौदा. पांढऱ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे खासगी आणि पिवळ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे धंद्याची गाडी, हे सर्वांना ठाऊक आहे. 'पांढरी पाटी घेतो, म्हणजे पासिंगची कटकट नाही,' असा मोह येथे होतो.

परंतु कायद्यातील 'मालवाहू गाडी'ची व्याख्या पाहावी. जी गाडी मालासाठी बनविलेली नाही, तीही मालवाहतुकीला वापरली की त्या वेळी मालवाहू ठरते. म्हणजे घरच्या वापरासाठी पांढरी पाटी ठीक, पण रोज दुकानाचा माल वाहायचा असेल तर पाटीच्या रंगाने तो वापर झाकला जात नाही. अपघातानंतर विमा कंपनी गाडी कशासाठी वापरली जात होती हे आधी विचारते.

कराचा हिशेबही बदलला आहे. महाराष्ट्रात पिकअप-टेम्पोसारख्या हलक्या मालगाड्यांचा कर पूर्वी वजनावर ठरत असे. १ जुलै २०२५ पासून तो गाडीच्या किमतीवर, एकरकमी ७ टक्के झाला. म्हणजे दहा लाखांच्या पिकअपला सत्तर हजार रुपये. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून मालगाड्यांवरील जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. एका हाताने घेतले, दुसऱ्याने दिले. दुकानदाराने सांगितलेली 'ऑन रोड' किंमत तशीच न मानता हे दोन आकडे वेगळे लिहून घ्यावेत.

शेळ्यांच्या व्यापाऱ्यांसाठी

आपला जिल्हा उस्मानाबादी शेळीमुळे देशभर ओळखला जातो. बकरी ईदच्या आधीच्या महिन्यात तर येथून पिकअपची रांगच लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२५-ई हा नियम १ जानेवारी २०१६ पासून लागू आहे आणि तो या धंद्याशी थेट संबंधित आहे. जनावरे नेणाऱ्या गाडीच्या हौद्यात प्रत्येक जनावरासाठी वेगळा, कायमचा कप्पा हवा. शेळी-मेंढीला किमान ०.३ चौरस मीटर आणि गाय-म्हशीला २ चौरस मीटर जागा हवी. अशा गाडीला परिवहन कार्यालयाचा खास परवाना लागतो आणि तिच्यातून दुसरा माल नेता येत नाही. शिवाय जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांप्रमाणे पशुवैद्यकाचा दाखला बरोबर हवा.

हिशेब करून पाहा. हौदा अडीच मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद असेल तर जागा होते ४.२५ चौरस मीटर. त्यात नियमाने बसतात चौदा शेळ्या. प्रत्यक्षात किती भरल्या जातात हे व्यापाऱ्यांनाच ठाऊक आहे. चौदा शेळ्यांत डिझेल परवडत नाही, ही तक्रार खोटी नाही. पण वाटेत गाडी अडली, जनावरे ताब्यात गेली आणि ईद निघून गेली, तर होणारे नुकसान एका खेपेचे राहत नाही, सबंध हंगामाचे होते. एकट्याने कप्प्यांची गाडी बनविणे महाग पडते. चार-पाच व्यापाऱ्यांनी मिळून एक परवान्याची गाडी ठेवली आणि भाडे वाटून घेतले, तर मार्ग निघू शकतो.

हौद्यात माणसे नकोत

लग्नाचे वऱ्हाड असो, मजूर बाया असोत की उरुसाला निघालेले पाहुणे, पिकअपच्या हौद्यात माणसे बसविण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. 'आशा राणी' खटल्यात डिसेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मालगाडीत बसविलेल्या फुकट प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही. १९९४ च्या दुरुस्तीने फक्त मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांना संरक्षण मिळाले, आणि त्यानेही चालकाजवळ केबिनमध्ये बसावे, असे पुढचे निकाल आहेत.

याचा अर्थ साधा आहे. गाडी उलटली आणि हौद्यातील दहा जण जखमी झाले, तर दहा दावे मालकाच्या अंगावर येतात. दुकान, घर, शेत जे असेल ते त्यात जाते. नात्यातल्या माणसांना नाही म्हणणे अवघड जाते हे खरे, पण हे नाही म्हणणे त्यांच्याच जिवासाठी आहे.

विम्याचा हप्ताही वजनाच्या रेघेवर ठरतो. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात ७,५०० किलोपर्यंतच्या सर्व मालगाड्यांचा थर्ड पार्टी हप्ता एकच, १६,०४९ रुपये ठेवला गेला. छोटा हत्ती असो की टाटा ४०७, हप्ता सारखाच. एवढे पैसे भरायचे आणि हौद्यात माणसे बसवून ते संरक्षण गमवायचे, हा कुठला व्यवहार?

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

समजा, रिकाम्या गाडीचे वजन १,७०० किलो आणि बुकात एकूण वजन २,९९० किलो आहे. फरक १,२९० किलोचा. त्यातून चालक आणि हमाल यांचे १४० किलो वजा केले की मालाला उरतात १,१५० किलो, म्हणजे पन्नास किलोची तेवीस पोती. आपण भरतो चाळीस. म्हणजे ८५० किलो जादा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाचा दंड वीस हजार रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, शिवाय माल उतरविण्याचा खर्च वेगळा. सतरा पोत्यांच्या भाड्यासाठी वीस हजारांचा धोका! टायर, पाटे आणि ब्रेक खराब होतात ते निराळेच.

येथे आपल्या कारागीर बांधवांनाही सांगणे आहे. हौद्याला उंच जाळी, मागे वाढीव फळी किंवा जादा पाटे बसवून देण्याचे काम वेल्डिंगच्या दुकानात नेहमी येते. कलम ५२ प्रमाणे कारखान्याने ठरविलेल्या रचनेत मनाने बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. दंड गाडीमालकाला होतो, पण गिऱ्हाईक परत येते ते आपल्याच दाराशी. काम घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची मंजुरी आहे का, एवढे विचारले तर दोघांचाही फायदा आहे.

गाडी घेण्यापूर्वी एवढे करा

एम.एच. २५ ची पाटी लावण्यासाठी परिवहन कार्यालयात जाण्याआधीच एका कागदावर पाच ओळी लिहाव्यात. भरलेल्या गाडीचे वजन किती? माझा माल रोज किती किलो? मी राज्याच्या हद्दीबाहेर जाणार का? गाडी कोण चालविणार आणि त्याचे लायसन्स कोणत्या वर्गाचे? मालात जनावरे किंवा धोकादायक वस्तू आहेत का? या पाच उत्तरांवरून गाडीचे मॉडेल निवडावे. आधी गाडी आणि मग कागद, हा क्रम उलटा आहे. जुनी गाडी घेणाऱ्याने तर बुकातील वजन आणि प्रत्यक्ष हौदा यांचा मेळ बसतो का, हे वजनकाट्यावर गाडी घालून पाहावे. काट्याची पावती फार तर शे-दोनशे रुपयांची असेल.

एजंटाला दोष देऊन काही होत नाही. तो फॉर्म भरतो, पण दावा लागला तर समन्स त्याच्या नावाने येत नाही. ज्या दुकानदाराला आपल्या वहीतील उधारी तोंडपाठ असते, त्याला आर.सी. बुकातील एक आकडा लक्षात ठेवणे मुळीच जड नाही. आज रात्री दुकान बंद केल्यावर तेवढे बुक काढून पाहावे.